माढ्याचा बगॅस आणि एक लाख प्रकाशवर्षं

देवापुढच्या चारपाच फुलवातींचा कापूस वजनाला साधारण एक ग्रॅम भरतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या एकाच नमुन्याच्या कड्या एकापुढे एक जोडून केलेली सरळ साखळी. या कडीचा रेणुभार १६२. म्हणजे १६२ ग्रॅम सेल्युलोजमध्ये ६०२ वर एकवीस शून्यं इतक्या कड्या असतात आणि एका ग्रॅममध्ये ३७ वर वीस शून्यं. एका कडीची लांबी अर्ध्या नॅनोमीटरहून जराशी जास्त, ०.५१५. आता गुणाकार करा. एका ग्रॅममधल्या सगळ्या कड्या एका ओळीत मांडल्या तर ती ओळ १९१ कोटी किलोमीटर भरते.

पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. सूर्यापासून शनी सुमारे १४३ कोटींवर. चारपाच फुलवातींची साखळी सूर्यापाशी एक टोक धरून सोडली तर ती शनीला मागे टाकून युरेनसच्या वाटेला लागते.

हा हिशेब कागदावर केला की पहिल्यांदा वाटतं, कुठेतरी शून्य जास्त पडलं. पडलेलं नसतं. आणि तो कापसापुरता नाही. सेल्युलोज उसात आहे, ज्वारीच्या कडब्यात आहे, बाभळीच्या फांदीत आहे, तुम्ही हे वाचताय त्या कागदातही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात ते सर्वांत मोठ्या ढिगाने दिसतं साखर कारखान्याच्या मागच्या बाजूला, बगॅसच्या, म्हणजे पिळून उरलेल्या उसाच्या चोथ्याच्या रूपात.

एकेकाळी हा कोरडवाहू तालुका. भीमेवरचं उजनी धरण याच तालुक्यात बांधलं गेलं, ११७ टीएमसी पाण्याचं, आणि त्या पाण्यामागोमाग ऊस आला. आज पिंपळनेरच्या विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखान्यासारख्या मोठ्या कारखान्याच्या आवारात गळीत हंगामात गेलात तर मिलच्या शेवटच्या रोलरमधून बाहेर पडणारा माल पाहायला मिळतो. फिकट पिवळा, हाताला कोमट आणि ओलसर. मुठीत दाबला तर पाणी निघत नाही, पण तळवा ओला होतो. चारपाच मिलमधून तो पिळलेला असतो, शेवटी वरून गरम पाणी मारून उरलीसुरली साखर धुऊन घेतलेली असते, तरी निम्मं वजन पाण्याचंच. उरलेल्या कोरड्या निम्म्यात ४० ते ४५ टक्के सेल्युलोज, पाव हिस्सा किंवा थोडं जास्त हेमिसेल्युलोज, आणि बाकी बहुतेक लिग्निन, म्हणजे या सगळ्याला घट्ट धरून ठेवणारा लाकडाचा डिंक.

हिशेबासाठी एक कारखाना दिवसाला १०,००० टन ऊस गाळतो असं धरू. टनामागे २८० किलो बगॅस, म्हणजे २,८०० टन. निम्मं पाणी वजा केलं की १,४०० टन. त्यात ४० टक्क्यांनी ५६० टन सेल्युलोज. त्याची साखळी एका ओळीत मांडली तर ती किलोमीटरमध्ये सांगण्यात अर्थ उरत नाही. १०७ वर सोळा शून्यं होतात. प्रकाशवर्षांत सांगायचं तर एक लाख तेरा हजार. आपल्या आकाशगंगेची तबकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे. म्हणजे माढ्यातल्या एका कारखान्याचा एका दिवसाचा बगॅस आकाशगंगा ओलांडून पलीकडे लोंबतो.

महाराष्ट्राने २०२१-२२च्या हंगामात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला. त्या बगॅसची साखळी दीडशे कोटी प्रकाशवर्षं. तिच्या दुसऱ्या टोकाहून आज इथे पोचणारा प्रकाश निघाला, तेव्हा पृथ्वीवर एकही प्राणी जन्मलेला नव्हता.

ही साखळी कोणी विणली, तर उभ्या उसाने. सव्वा किलोच्या आतबाहेर वजनाचा एक ऊस घ्या. त्यात सदुसष्ट ग्रॅमच्या आसपास सेल्युलोज असतं, पाचट सोडून. ते बारा महिन्यांत तयार झालं असं धरलं, तर तो एकटा ऊस दर सेकंदाला चार हजार किलोमीटर साखळी विणत उभा होता. रात्रंदिवस, दारं धरायला माणूस आला तेव्हाही आणि वीज नव्हती तेव्हाही. असे चौऱ्याहत्तर ऊस मिळून प्रकाशाच्या वेगाने विणतात. एकरी चाळीस हजार ऊस उभा असेल, तर ते एकर प्रकाशाच्या पाचशे चाळीस पट वेगाने विणतं. भौतिकशास्त्राचा नियम मोडत नाही, कारण एक साखळी कोणीच इतक्या वेगाने विणत नाही. असंख्य जागी एकाच वेळी काम चाललेलं असतं. तरीही पाणी द्यायला उभ्या राहिलेल्या माणसाने हा आकडा एकदा ऐकावा.

इथपर्यंतचा हिशेब सगळ्या कड्या एकाच ओळीत आहेत असं मानून केला. झाडात तसं नसतं. प्रत्येक साखळीला सुरुवात आणि शेवट असतो. कापसात आणि लाकडात एका साखळीत दहा हजारांच्या घरात कड्या असतात. म्हणजे लांबी पाच मायक्रोमीटर आणि जाडी एका नॅनोमीटरहून कमी. उसाच्या साखळीत नेमक्या किती, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. ती मोजायची तर आधी लिग्निन आणि हेमिसेल्युलोजच्या तावडीतून सोडवावी लागते. सोडवायची तर कॉस्टिक लागतं, ब्लीचिंग लागतं, उष्णता लागते. आणि हे सगळं करताना ती तुटते. काढल्याशिवाय मोजता येत नाही आणि काढली की ती झाडात होती तशी राहत नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात साखळीच्या लांबीचा जो आकडा असतो, त्यात निम्मी माहिती उसाची असते आणि निम्मी काढणाऱ्याच्या हाताची.

कारखान्याच्या बॉयलरला मात्र लांबी कळत नाही. दहा हजार कड्यांची साखळी असो की दहा कड्यांची, किलोमागे उष्णता तितकीच. टनभर बगॅसमागे दोन-सव्वादोन टन वाफ निघते, तिच्यावर टर्बाइन फिरतं, कारखाना चालतो आणि वरची वीज विकली जाते. यात मला वाईट काही दिसत नाही. कोळसा न आणता चालणारे उद्योग या देशात किती आहेत? पण ज्या क्षणी कोणी म्हणतं की बगॅस जाळू नका, त्यातून काही काढा, त्या क्षणी लांबीचा प्रश्न उभा राहतो. मग काय काढलं यापेक्षा कसं काढलं, हे जास्त मोलाचं ठरतं.

दहा हजार कड्यांची एक साखळी घ्या आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात उकळा. आम्ल आधी साखळीच्या ढिल्या, अस्ताव्यस्त भागांवर तुटून पडतं. जिथे साखळ्या शिस्तीत एकमेकींना चिकटून स्फटिकासारख्या बसल्या आहेत, तिथे त्याचा शिरकाव होत नाही. त्यामुळे तुटणं एका जागी येऊन जवळपास थांबतं, साधारण दोनशे ते तीनशे कड्यांवर. अडीचशे धरू. म्हणजे एका साखळीचे चाळीस तुकडे झाले आणि त्यासाठी ३९ ठिकाणी तोडावं लागलं. एकूण बंध होते ९,९९९. त्यातले हजारी चारसुद्धा तुटले नाहीत. प्रत्येक तुटीला पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, तो साखळीला जोडला जातो. एक टन सेल्युलोजचे असे तुकडे केले तर त्याचं वजन वाढतं ४३३ ग्रॅमनी. टनाच्या काट्यावर ते दिसणारही नाही.

रासायनिक तपासणी केली तर आधीही ग्लुकोज, नंतरही ग्लुकोज, शुद्धता तीच. पण आधी जो माल तंतू होता, ज्याचा कागद होत होता, दोर वळता येत होता, तो आता पांढरीशुभ्र भुकटी झाला आहे. ही भुकटी दाबली की आपापसात घट्ट बसते. अमेरिकन व्हिस्कोज कंपनीत ती १९५५ साली हाती लागली आणि आज जगभरच्या औषधाच्या गोळ्यांत ती बांधणी म्हणून वापरतात. औषधाची मानकं सांगतात की तिच्या साखळीत ३५०हून जास्त कड्या असता कामा नयेत. तापाची गोळी पाकिटातून काढताना तिचा भुगा होत नाही, तो बहुतेक वेळा या आखूडपणाच्या जोरावर.

आता आम्ल बदला. हायड्रोक्लोरिकऐवजी चौसष्ट टक्क्यांचं सल्फ्युरिक घ्या, तापमान ४५ अंश, वेळ पाऊण ते एक तास. तुकडे आणखी बारीक होतात, पाचदहा नॅनोमीटर जाड आणि शंभर-दोनशे नॅनोमीटर लांब काड्या. पण खरी गंमत आकारात नाही. सल्फ्युरिक आम्ल तोडताना काडीच्या अंगाला आपले सल्फेटचे गट चिकटवून जातं. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून काड्या एकमेकींना दूर ढकलतात आणि पाण्यात महिनोन्महिने तरंगत राहतात. त्याच आकाराच्या काड्या हायड्रोक्लोरिक आम्लाने केल्या तर त्यांच्यावर असा भार नसतो. त्या गोळा होतात आणि तळाशी बसतात. दोन्ही बाटल्यांवर लिहायचं झालं तर ‘बगॅसमधलं नॅनोसेल्युलोज’ हेच लिहावं लागेल. एक बाटली गढूळ निळसर, दुसरीत तळाला गाळ आणि वर नितळ पाणी.

या काड्यांचं पृष्ठफळ शेतकऱ्याच्या मापात सांगतो. पाच नॅनोमीटर जाडीच्या काड्या एकमेकींपासून पूर्ण सुट्या असतील तर एका ग्रॅमला ५०० चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठे. आठ ग्रॅमला एक एकर. एक किलोला सव्वाशे एकर. कसायला मिळत नाही हे खरं, पण रंग, औषध किंवा धातूचे अणू चिकटवून घ्यायला ही जमीन मिळते. आणि मग कोणीतरी हा माल साध्या भट्टीत वाळवतो. पाणी निघून जाताना काड्या एकमेकींच्या अंगाला ओढल्या जातात, कायमच्या चिकटतात, आणि पुन्हा पाण्यात टाकलं तरी सुटत नाहीत. पाच गुंठ्यांची ग्रॅममागे चार-दोन चौरस मीटर राहते. गोठवून वाळवलं तर बरीच वाचते, पण खर्च वाढतो. रासायनिक सूत्रात यातलं काहीच उमटत नाही.

हेमिसेल्युलोजची कथा याहून वेगळी. उसातला हा पदार्थ म्हणजे मुख्यतः झायलान, शे-दोनशे कड्यांची आखूड साखळी, आणि तिच्या अंगावर ठिकठिकाणी अ‍ॅसिटिलचे गट. कॉस्टिकने काढलं तर साखळी बरीचशी शाबूत निघते, पण हे गट सगळे गळून पडतात. उघड्या साखळ्या एकमेकींना बिलगतात आणि साध्या पाण्यात नीट विरघळेनाशा होतात. कॉस्टिक न घालता नुसत्या पाण्यात, दाबाखाली, १७० ते २०० अंशांवर शिजवलं तर काही अ‍ॅसिटिल गट सुटून अ‍ॅसिटिक आम्ल होतात, आणि हे घरचंच आम्ल साखळी तोडायला लागतं. हाती येतात चारसहा कड्यांचे गोडसर तुकडे, जे आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य म्हणून भारी भावाने विकले जातात. पाच-दहा मिनिटं जास्त झाली किंवा तापमान चढलं की तेही करपून फरफ्युरल होतं. एकच बगॅस, एकच झायलान, आणि तीन वेगळी गिऱ्हाइकं.

संपूर्ण साखळी सुटी करून ग्लुकोज आणि मग इथेनॉल करायचं असेल तर आम्लापेक्षा विकर बरं. बुरशीचं सेल्युलेज साखळीचं एक टोक धरतं आणि दोन-दोन कड्या तोडत पुढे सरकतं. जपानी संशोधकांनी २०११ साली त्याचा चालतानाचा वेग प्रत्यक्ष मोजला, सेकंदाला सुमारे सात नॅनोमीटर. दहा हजार कड्यांची साखळी न थांबता चालून जायची तर त्याला बारा मिनिटं लागतील. पण ते न थांबता जात नाही. पुढच्या रेणूची वाट अडली की मागचे सगळे त्याच्या मागे उभे राहतात, जानेवारीत कारखान्याच्या गेटपासून मुख्य रस्त्यापर्यंत ऊस भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहतात तसे. बगॅसपासून इथेनॉल अजून महाग पडतं, त्याच्या कारणांत या रांगेचाही वाटा आहे. म्हणूनच आधी वाफेने फोडणं, आम्लाने मोकळं करणं हे सोपस्कार करावे लागतात, विकराला चालायला वाट रुंद मिळावी म्हणून.

उसाच्या बाहेरही माढ्याच्या आसपास हेच दिसतं. कुर्डुवाडी याच तालुक्यात. तिथून बार्शीला १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली. बार्शीची बाजारपेठ चिंचेची आणि चिंच म्हटली की चिंचोका. चिंचोका भाजतात, टरफल फोडून काढतात आणि आतला पांढरा गर दळतात. त्या पिठात निम्म्याहून जास्त झायलोग्लुकान असतं, तेही ग्लुकोजच्याच कण्याचं, पण अंगावर झायलोज आणि गॅलॅक्टोजच्या फांद्या असलेलं. कण्यात दोनएक हजार कड्या, म्हणजे लांबी एक मायक्रोमीटर. घोंगडी विणणारे ताण्याच्या लोकरी सुताला याचीच खळ लावत आले आहेत. गर भिजवून वाटायचा, पाण्यात शिजवायचा, ढवळता ढवळता ते चकचकीत, तपकिरी आणि ओढलं की तार धरणारं होतं, मग ब्रशने सुतावर ओढायचं आणि उन्हात सोडायचं. सूत ताठ होतं, केस आत बसतात, मागावर तुटत नाही.

इथे भाजणं हीसुद्धा काढण्याचीच एक पायरी आहे. लांब आणि एकमेकींत गुंतलेल्या साखळ्यांच्या द्रावणाचा दाटपणा ढोबळ मानाने लांबीच्या तिसऱ्या घाताने बदलतो. साखळी निम्मी झाली तर खळ आठपट पातळ, दहावा हिस्सा राहिली तर हजारपट. म्हणून भट्टीवर चिंचोका जरा जास्त करपला तर पिठाचं वजन तेवढंच राहतं आणि खळ मात्र पाण्यासारखी होते. जाणता माणूस हे बोटाने तार ओढून ओळखतो. ही कसोटी लांबीचा घनच मोजते, आणि तीही फुकटात.

हेच झायलोग्लुकान शुद्ध करायचं तर पीठ भरपूर पाण्यात उकळून रात्रभर निवू देतात, वरचं पाणी काढून घेतात आणि त्यात दुप्पट अल्कोहोल ओततात. प्रथिनं, तेल मागे राहतं आणि पांढरे धागे वर येतात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत १९४०च्या दशकात यावर काम झालं होतं. पुढची करामत विकराची. साखळीला हात न लावता नुसत्या गॅलॅक्टोजच्या फांद्या ३५ ते ४५ टक्के छाटल्या तर जो पदार्थ होतो, तो गार असताना पातळ आणि गरम झाला की घट्ट. आपली सगळी खीर-जेलीची समज उलटी. डोळ्यात घालायचं औषध बाटलीत पाण्यासारखं आणि डोळ्याच्या उष्णतेने जाड होऊन टिकून राहावं, या कामासाठी शास्त्रज्ञ त्याच्या मागे आहेत. चिंचोका तोच, कणा तोच, फक्त काही फांद्या कमी.

सोलापूरचं डाळिंब तर भौगोलिक मानांकनाचं. त्याच्या सालीतल्या पेक्टिनचंही असंच आहे. आम्लात, ८०-९० अंशांवर, बेताने काढलं तर साखर आणि आंबटपणा घालून जेली धरतं; बाजारातल्या १५० ग्रेडच्या पेक्टिनचा एक ग्रॅम १५० ग्रॅम साखर धरून ठेवतो. अल्कलीत काढलं, किंवा काढून झाल्यावर त्याचे मिथाइल गट उतरवले, की साखरेची गरज संपते आणि जेलीला कॅल्शियम लागतं. मधुमेह्यांच्या जॅमला हे दुसरं सोयीचं. डाळिंबाच्या सालीत टॅनिन इतकं असतं की ते आधी नीट धुतलं नाही तर पेक्टिन तपकिरी आणि तुरट निघतं.

पुन्हा कारखान्यात येतो, कारण तिथे अशाच एका साखळीची लांबी कमी करण्यावर खरोखर पैसे खर्च होतात. ती साखळी उसाची मात्र नसते. ऊस तुटल्यावर वेळेत गाळला नाही, ट्रॉली दोन दिवस उन्हात उभी राहिली, की तोडीच्या टोकातून ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू आत शिरतो आणि उसाच्या साखरेपासून डेक्स्ट्रान विणायला बसतो. त्याच्या रेणूंचे भार दहा लाखांपासून कोटींपर्यंत जातात. टनभर रसात काहीशे ग्रॅम डेक्स्ट्रान आला तरी पाक जड होतो, पॅनला वेळ लागतो, सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी नीट सुटत नाही आणि साखरेचे दाणे चौकोनी होण्याऐवजी सुईसारखे लांबट होतात. मग रसात डेक्स्ट्रानेज टाकावं लागतं, टनाला काही ग्रॅम, आणि ते विकर त्या लांब साखळ्यांचे तुकडे करतं. तुकडे केले तरी डेक्स्ट्रान रसातच राहतो, वजनही घटत नाही. नुसता आखूड झाला की पाक पुन्हा वाहायला लागतो. त्याच वेळी मागच्या बाजूला पट्ट्यावरून आकाशगंगेच्या रुंदीचा बगॅस बॉयलरच्या तोंडाकडे सरकत असतो.